महागाई धरून साडेचौदा

...नाही नाही, तुम्ही आधी ऐकून घ्या आणि मग मला वेड्यात काढा, कारण घरच्यांनी काढून झालंय, दुकानावर येणाऱ्यांनी काढून झालंय, पिंप्राळ्याच्या रिक्षा स्टॉपवर तर रोज सकाळी काढतात, तुम्हीच तेवढे राहिला होतात! म्हणे, झुलालभाऊ, तुम्हाला महागाई धरायला सांगितली तर तुम्ही सोनं कसं काय धरलं? अहो, कसं काय म्हणजे? जळगावात जन्म गेला माझा! इथं प्लॉट घेतला तरी माणूस सांगतो, इतक्या तोळ्याला पडला. इथं म्हातारा 'मी नोकरीला लागलो तेव्हा' एवढं म्हणाला की पुढे 'तोळा दोनशे रुपये होता' हेच येणार, पगार किती होता ते विचारा, आठवत नाही! आता तुम्हीच सांगा, जळगावचा माणूस दुसरं काय धरणार?

बरं, पहिल्यापासून सांगतो. माझं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, तीस वर्षं हेच. शॉक म्हणाल तर मी इतके खाल्लेत की एकदा लोखंडी शिडीवरून थेट गिऱ्हाइकाच्या अंगावर पडलो होतो, तो घाबरून पळाला, बिलही न देता. पण तुम्हाला सांगतो, या चार महिन्यांत मला जे धक्के बसले ना, ते थ्री फेजमध्येही नाहीत! म्हणजे विजेच्या माणसाला विजेच्या कंपनीनेच... जाऊ द्या.

तर झालं काय, दिवाळीनंतर मोबाईलवर एक शेअर दिसला. वीज कंपनी. नाव सांगत नाही, उगाच कोणाची नोटीस यायची. भाव दोनशे चाळीस, आणि गेल्या वर्षी एका शेअरमागे नफा किती? तीस रुपये! म्हणजे भावाला नफ्याने भागलं तर आठ. आठ हो, आठ! बाकीच्या कंपन्या तीस, चाळीस, पन्नासच्या पटीत, आणि ही आठ! मी म्हटलं, लोक एक वेळ चहा सोडतील, विजेचं बटण दाबायचं सोडतील का? टुणकन उठलो, चहा अंगावर सांडला.

मी जातो धुळ्याला दर पंधरा दिवसांनी, तांब्याची तार आणायला, रतनलालशेठच्या दुकानात. त्यांचा मुलगा रोनक सीए आहे, गुणी मुलगा, मला काका म्हणतो. त्याला मोबाईल दाखवला. म्हटलं, बघ, आठ! तो जागचा हललाच नाही. म्हणतो, "काका, एका वर्षाकडे नाही बघायचं. दहा वर्षं बघायची."

मी म्हटलं, दहा कशाला?

तर त्याने दहा वर्षांचे आकडेच काढून समोर ठेवले. पाच. सहा. चार. उणे तीन... मी म्हटलं, थांब, उणे तीन? वीज विकून तोटा? अरे, आमचं बिल एक दिवस उशिरा भरलं तर खांबावर माणूस चढतो आणि यांना तोटा? पहिला धक्का हा! पुढे सात, आठ, सहा, नऊ, दहा, आणि मग गेल्या वर्षी एकदम तीस.

म्हणतो, "काका, हे तीस खरे नाहीत. म्हणजे खरे आहेत, पण एका वर्षाचे नाहीत. वीज कंपनीला स्वतःच्या मनाने दर वाढवता येत नाही, सरकारी आयोग ठरवतो. त्या आयोगाकडे यांची जुनी थकबाकी अडकली होती, ती सगळी गेल्या वर्षी एकदम मिळाली. पुढच्या वर्षी नाही मिळायची. म्हणून दहा वर्षांची सरासरी घ्या, आणि तीही महागाई धरून."

महागाई धरून म्हणजे कशी? तर मला विचारतो, "दहा वर्षांपूर्वी मोटार भरायचे किती घ्यायचे?" मी म्हटलं, बाराशे. "आता?" एकोणीसशे. "मग श्रीमंत झालात?" कसला श्रीमंत! तार तुझ्या बापाकडूनच घेतो ना मी! यावर रतनलालशेठनी नुसतंच बशीतल्या चहात बघितलं. रोनक म्हणतो, "तेच. तेव्हाचे पाच रुपये म्हणजे आजचे पाच नव्हेत. प्रत्येक वर्षाचा नफा आजच्या रुपयात करा, दहाची सरासरी काढा, भावाला तिने भागा. पंधराच्या आत आला तर घ्या. पंधराच्या वर गेला तर हात लावू नका. महागाईचा सरकारी आकडा वेबसाइटवर मिळेल."

आता तिथंच बसून त्याच्याकडून करून घेतलं असतं तर? पण नाही! मी म्हटलं, करतो घरी, मोटारीचे वेढे मोजणारा माणूस मी, मला भागाकार शिकवतो का? गाडीत बसलो आणि जळगावला आलो.

घरी आल्यावर तो सरकारी आकडा उघडला. किती असेल? वर्षाला पाच टक्के! पाच! मी ओरडलोच. दिपमाला... म्हणजे आमची मंडळी... ती कणीक मळत होती. तिला विचारलं, महागाई किती वाढते गं वर्षाला? ती म्हणाली, "डाळना भाव सांगू का तेलना?" मी म्हटलं, सरकार पाच म्हणतं. तर तिने कणकेचा हात तोंडावर ठेवला आणि इतकी हसली की चेहरा पांढरा! मग आता काय करायचं? खोटा आकडा धरायचा? मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, ज्या आकड्यावर अख्ख्या गावाचा विश्वास आहे तो धरू. सोनं! दर वर्षाचा तोळ्याचा भाव मला तोंडपाठ. तुम्हीच सांगा, जळगावचा माणूस दुसरं काय धरणार?

जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि मांडलं. दहा वर्षांपूर्वी तोळा तीस हजार, आज एक लाख वीस हजार, म्हणजे चौपट. म्हणजे तेव्हाचे पाच रुपये आजचे वीस. सहाचे चोवीस! अहो, पेन थांबेना माझं! मधे ते उणे तीन होते त्याचे उणे दहा झाले तेव्हा पेन जरा अडखळलं, पण बाकीच्यांनी सावरून घेतलं. दहाची सरासरी आली साडेसोळा. दोनशे चाळीस भागिले साडेसोळा...

साडेचौदा!

पंधराच्या आत! नियमात बसलं! मी स्वयंपाकघरात नाचलो हो, खरं सांगतो, अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात कॅलेंडर घेऊन! आणि नाचता नाचता म्हटलं, दिपमाला, तुझ्या चार पाटल्या दे.

आता या पाटल्यांचं सांगितलं पाहिजे. त्या काही तिच्या माहेरच्या नाहीत, माझ्या पैशाच्याही नाहीत. बिबड्यांच्या आहेत. उन्हाळा आला की आमच्याकडे दादर ज्वारी भिजते, दळली जाते, पहाटे चुलीवर त्याचा घाटा शिजतो आणि सूर्य वर यायच्या आत ओल्या फडक्यावर बिबडे घालून व्हायला लागतात. ही बाई वीस उन्हाळे गच्चीवर तेच करते आहे, पापडासारखे वाळवायचे, शंभर-शंभरचे गठ्ठे करायचे, आणि पैसे आले की सराफाकडे. एका उन्हाळ्यात तीन ग्रॅम, एका उन्हाळ्यात पाच. त्या पाटल्या म्हणजे तिच्या हाताचे चटके आहेत. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण साडेचौदा आलं होतं ना!

तिने हातातली कणीक परातीत ठेवली. मग म्हणाली, "दोन देस मी. बाकीन्या दोन नरडाणाले अक्काकडे शेतस." अक्का म्हणजे तिची मोठी बहीण. मी म्हटलं, चालेल, दोन तर दोन. चार तोळे भरल्या. सराफाच्या काउंटरवर तिनेच स्वतःच्या हाताने काढल्या, साबण लावून, कारण निघेनात. आले चार लाख ऐंशी हजार. दोन हजार शेअर घेतले. रात्री शांत झोपलो.

आणि मग संक्रांतीनंतर कंपनीचे आकडे आले. थकबाकीबिकबाकी काही नाही, नफा आपला पूर्वीच्याच वळणावर. भाव दोनशे दहा. दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद. आठवड्याने एकशे पासष्ट! मी मोबाईल आपटून बघितला, कधी कधी त्याने नेटवर्क येतं म्हणून. एकशे पासष्टच! मला राग आला रोनकचा. म्हटलं, याचा नियम, याची पद्धत, मी अक्षरशः पाळली! कॅलेंडर गुंडाळलं, एसटीत बसलो आणि धुळ्याला जाऊन त्याच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, बघ! साडेचौदा! कुठं गेलं तुझं शास्त्र?

त्याने चष्मा पुसला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली. मग हळूच विचारतो, "काका, ही महागाई कुठली?"

मी म्हटलं, जळगावची!

 रतनलालशेठनी बशी खाली ठेवली. रोनक म्हणतो, "काका... सोनं चौपट झालं, म्हणून तुम्ही कंपनीच्या जुन्या पाच रुपयांचे वीस केले. ते जास्तीचे पंधरा कंपनीने कमावलेच नव्हते. डाळ, भाडं, औषध, कपडा, सगळ्याचं मिळून दहा वर्षांत दीडपट-पावणेदोनपट झालंय. पाचचे आठ धरायचे होते." आणि त्याने तिथल्या तिथे सरकारी आकड्याने करून दाखवलं. सरासरी साडेनऊच्या आतच. भागाकार साडेपंचवीस.

साडेपंचवीस हो! पंधरा नाही, वीस नाही, साडेपंचवीस! आठ दिसत होता तो शेअर! मी खुर्चीत बसलो तो बसलोच. शेठ म्हणाले, "झुलालभाऊ, पाणी घ्या."  मी म्हटलं, "पण शेठ, जळगावचा माणूस दुसरं काय धरणार?" शेठ जन्मभर व्यापारात, पण त्या दिवशी नेलेल्या तारेचे पैसे घेतले नाहीत, त्यावरून मी समजलो प्रकरण किती गंभीर आहे.

परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत ठरवत होतो, तिला काय सांगायचं. एरंडोल आलं तरी ठरेना. घरी आलो, ती बसली होती सुपात दादर निवडत. सगळं सांगितलं. एका दमात. साडेपंचवीससुद्धा. वाटलं, आता सूप येतं अंगावर. पण नाही. शांतपणे विचारते, "दहा वरीस पहिले एक तोळामा त्या कंपनीना कितला शेअर येत व्हतात?"

भाव तेव्हा शंभर होता. मी म्हटलं, तीनशे.

"आनि तुम्ही लिधात त्या दिनले?"

मी म्हटलं, पाचशे.

"म्हंजे तोळा वाढना आनि कंपनी ल्हान व्हयनी. मंग मोडाले काय पाहिजे व्हतं? पाटल्या का कंपनी?"

अहो!  दहा वर्षं, आयोग, थकबाकी, सीए, वेबसाइट, सगळं एका बाजूला, आणि ही बाई दादर निवडता निवडता... ज्या सोन्याने मी कंपनी मापली, तेच सोनं ती कंपनी घ्यायला विकून आलो होतो मी! कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं ते, फक्त मी वाचलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, दिपमाला, तुझे वीस उन्हाळे गेले गं.

ती उठली, दादरच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक पुडकं काढलं. दोन पाटल्या! मी म्हटलं, या तर नरडाण्याला होत्या ना? ती म्हणाली, "तुम्ही हातमा कॅलेंडर लिसन नाचत व्हतात ना, तव्हयच माले भेव वाटनं."

बस, एवढंच बोलली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

तर आता असं ठरलंय. दोन पाटल्या वाचल्या, दोन पुन्हा करायच्या. शेअर विकले तर येतात तीन लाख तीस हजार. सोनं या चार महिन्यांत आणखी चढलंय, एक लाख चाळीस! चार तोळ्यांना पाच लाख साठ. कमी किती पडतात? दोन लाख तीस हजार. ते मी फेडायचे, बिबडे करून. पहाटे चारला उठतो, घाटा ढवळतो, तिकडे दिपमाला खाटेवर बसून सांगते, "गुठळी नको पडाले." खांदे भरून येतात, मोटारी भरताना कधी आले नाहीत. एका उन्हाळ्यात खर्च जाऊन सुटतात तेवीस हजार.

रोनकला फोन केला होता मी. म्हटलं, बाबा, या वर्षी तेवीसच सुटतात रे. तर काय म्हणतो? "काका, एका वर्षाकडे नाही बघायचं. दहा वर्षं बघायची."

बघतोय. दोन लाख तीस भागिले तेवीस, बरोब्बर दहाच येतात.

महागाई न धरता!