खिशातली चिठ्ठी आणि कडूलिंबाचा पाला

...नाही, पण मला एक सांगा, लसूण हा काय खायचा प्रकार आहे का? म्हणजे आहे, फोडणीत आहे, चटणीत आहे, पण रोज सकाळी उपाशीपोटी चार कच्च्या पाकळ्या चावायच्या, तोंड वाकडं करायचं नाही, त्यावर तांदळाचं धुवण प्यायचं, त्यावर मेथीचं पाणी, दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी तुरटी आणि कडूलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुवायचं... अरे, बाई आहे की लोणच्याची बरणी? आमची वहिनी, प्रेमिलावहिनी, वीस दिवस हे सगळं मुकाट्यानं करत होती!

कशासाठी? तर वहिनीला... आता तुमच्यात बाया बसल्या आहेत, म्हातारे बसले आहेत... वहिनीला ते बायकांचं... अंगावरून पांढरं जात होतं, आणि त्याला वास येत होता. घ्या! बोललो! एका दमात बोललो! हेच तेव्हा भैयाजीच्या दुकानात बोललो असतो तर आज तुमच्यासमोर हे रडगाणं गायची पाळी आली नसती.

आमच्या घरचे मोठे लोक कसे आहेत ऐका. वडील, नानाजी, रिटायर हेडक्लार्क. घरात बाईच्या पोटाखाली काही दुखलं की त्यांचा पेपर डोळ्यांपर्यंत वर चढतो. भाऊ विश्वनाथ, चांद्याला नोकरी, शनिवारी घरी. वहिनीनं त्याला सांगितलं तर म्हणतो, "आईले विचार." अरे, तू नवरा आहेस का पोस्टमन? आणि आई! आईचं म्हणणं, "मले नव्हतं काय झालं? सांगितलं काय मी कोणाले? आपोआप गेलं." कधी गेलं? तर म्हणे बारा वर्षांनी!

मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस. सोडली ती याच रागानं, की वर्गात जंतू शिकवणारा मास्तर घरी जाऊन लेकराची दृष्ट काढतो! चौकात पानठेल्यावर उभा राहून मी ओरडायचो, या म्हाताऱ्यांनी लाजून-लाजून देश बुडवला! त्यामुळं वहिनीला वाटलं, घरात एक तरी मोकळा माणूस आहे. मला म्हणाली, "भाऊजी, मला लेडी डॉक्टरकडे नेता काय? देवकीचं लगन आलं."

देवकी म्हणजे तिची धाकटी बहीण, रामटेकला. दोघींना आई नाही. देवकीला हळद लावायची ती वहिनीनंच. "हळदीत बाया अंगाला अंग लावून बसतात भाऊजी," म्हणाली, "मी कशी बसू?"

नेलं. ठासून नेलं, आईच्या नाकासमोरून रिक्षात बसवून नेलं! लेडी डॉक्टर फार चांगली बाई. मी बाहेर लाल त्रिकोणाच्या पोस्टरखाली मान खाली घालून बसलो होतो, पण पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. "लाजायसारखं काही नाही वं बाई. जंतू आहेत, गोळ्यांनी जातात. यात कोणाची चाल वाईट नसते. फक्त आतून धुवायचं नाही, पाल्याचं नाही, तुरटीचं नाही, त्यानं आणखी बिघडते." मग बाहेर येऊन चिठ्ठी माझ्या हातात दिली. "आठ दिवसांच्या गोळ्या. आजच घेऊन द्या."

वहिनीला घरी सोडलं आणि छाती काढून भैयाजीच्या मेडिकलमध्ये गेलो. भैयाजी म्हणजे नानाजींच्या भजनमंडळाचा मृदंग. त्याला चिठ्ठी मोठ्यानं वाचायची सवय. माझ्यापुढच्या माणसाची वाचत होता, "मूळव्याधीचा मलम! कोणाले? तुलेच काय? केव्हापासून?" सगळं दुकान वळून त्या माणसाकडं... म्हणजे त्याच्या मागच्या बाजूकडं पाहू लागलं. मग माझ्याकडं वळला, "हां, गिरिधर, तुले क्या होना?"

मी म्हणालो, "डोकं दुखायची एक गोळी."

आणि चिठ्ठी? चिठ्ठी माझ्या खिशात.

दुसरं दुकान नव्हतं का, म्हणता? होतं ना! सीताबर्डीवर गेलो, तिथं वर्गातली पोरगी उभी. तिथून सायकल हाणत पार धरमपेठेत गेलो, तिथं ओळखीचं कोणीच नाही, तर गल्ल्यावर एक म्हातारी बाई! साक्षात आजी! तिच्यासमोर चिठ्ठी काढू? तिथंही डोकं दुखायची गोळी घेतली. तीन दुकानं, तीन गोळ्या, आणि डोकं तर खरंच दुखायला लागलं होतं.

घरी येऊन वहिनीला म्हणालो, "माल संपला. उद्या येईल." ते आईनं ऐकलं. झालं! "मी म्हणतच होती! आपलं घरचंच बरं. गिरिधर, जा गा, कडूलिंबाचा पाला काढून आण." आणि मी... तुम्हाला सांगतो, जे डॉक्टरीणबाईनं करू नका म्हणून सांगितलं होतं, जे या दोन कानांनी ऐकलं होतं, त्याचाच पाला काढायला मी झाडावर चढलो!

रोज चढलो. रोज वहिनी विचारायची, "भाऊजी, माल आला काय?" रोज मी म्हणायचो, "उद्या." आणि चिठ्ठी? माझ्या खिशात. आठव्या दिवशी तिला आग व्हायला लागली, जळजळ, बसवेना. आई म्हणे, "पाला कमी पडून राहिला, वाढव." मी वाढवला. पानठेल्यावर जाऊन आणखी जोरात ओरडलो, या बुरसटलेल्या लोकांनी आमच्या बायकांचे हाल केले! ओरडताना छातीवर हात मारायचो, तर हाताखाली कागद चुरचुर वाजायचा.

हळदीच्या दिवशी रामटेकची बस वहिनीशिवाय गेली. आईनं निरोप दिला, सूनबाईला ताप आहे. वहिनी मागच्या अंगणात माझा शर्ट धूत बसली होती. त्या क्षणी देवकीच्या गालाला हळद कोण लावत असेल हो? कोणी तरी काकू, आत्या. मी उभा राहिलो तिच्यासमोर. म्हणालो, "वहिनी, माल संपला नव्हता. चिठ्ठी माझ्याजवळच आहे."

ती वरही पाहेना. शर्ट पिळला. म्हणाली, "मला माहीत आहे भाऊजी. चारदा शर्ट धुतला मी तुमचा. चारदा चिठ्ठी काढून पाटाखाली कोरडी ठेवली, आणि शर्ट वाळला की परत खिशात ठेवली. म्हटलं, आज जातील."

आरडाओरड करायची ना हो! थोबाडीत मारायची! काही नाही. शर्ट दोरीवर टाकला, पाटाखालून चिठ्ठी काढली, माझ्या हातात दिली आणि आत गेली.

गेलो. धावत गेलो भैयाजीकडं, दुकान गच्च भरलेलं, नानाजींचे दोन भजनवाले सुद्धा होते, असू दे! चिठ्ठी आपटली आणि ओरडलो, "वहिनीसाठी आहे! अंगावरून पांढरं जाते! वास येते! वाचा मोठ्यानं!" भैयाजीनं चिठ्ठी पाहिली, कागदाच्या पुडीत गोळ्या बांधल्या आणि पहिल्यांदा, जन्मात पहिल्यांदा, हळू आवाजात बोलला. "ओरडतो काहून गा? रोज चार जण नेतात ही गोळी. जेवण झाल्यावर घ्यायले सांग."

बस! एवढंच होतं ते!

वहिनीनं गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून घेतल्या, पाल्यानं धुणं गुपचूप बंद केलं. आठ दिवसांत साफ बरी. आणि गल्लीभर डंका कोणाचा? आईच्या पाल्याचा! "आमच्या सूनबाईले पाल्यानंच गुण आला वं!" समोरच्या प्रयागबाई आपल्या सुनेला, ताराला, घेऊन पाला मागायला आल्या. मी तोंड उघडावं, तर वीस दिवसांचा हिशेब द्यावा लागेल. वहिनीही काही बोलत नाही. कशी बोलेल? गोळ्यांचं नाव निघालं की दिराचं नाव निघते.

तर आता गल्लीत कोणाला काही झालं की पाला मीच काढतो. प्रत्येक जुडीच्या आत लेडी डॉक्टरचा पत्ता लिहिलेला एक कागद खुपसतो, धुऊ नका, इथं जा. बोलायची हिंमत अजून नाही, चढायची आली आहे. खाली आई प्रयागबाईला सांगते, "शिकला नाही, पण पोरगा कामाचा निघाला." आणि मागच्या अंगणातून, धुण्याच्या दगडाजवळून, वहिनी रोज न चुकता हाक मारते,

"भाऊजी, खिशात काही राहिलं तर नाही ना?"

"नाही वहिनी," मी फांदीवरून म्हणतो. "पाला आहे फक्त."