गंगीचा फोन

...नाही ठेवला हो विश्वास, एकानेसुद्धा नाही! तलासरीच्या बाजारात वांग्यांची पाटी पुढ्यात घेऊन मी ओरडतेय, "गंगीचा फोन आला, माझ्या बहिणीचा फोन आला," तर शेजारची बायजी मेथीवर पाणी मारत म्हणते कशी, "अगं, ती जन्माची मुकी-बहिरी. मुकीचा फोन येतो का कुठं?" आणि आमचा नवरा, सुदाम, तोही मान डोलावतो, "गाणी लावायच्या कंपनीवाल्यांचा असेल. ठेव." ठेव? काय ठेव?

तुम्हाला सांगते, फोनात गोड आवाजाची बाई बोलत होती, "गंगीला मदत हवी आहे, झाईला या"... ती बाई मशीनमधली, कळतं मला, चौथी झालेय मी! पण नाव माझ्या गंगीचं ना? डहाणू रोडच्या मोबाईलवाल्या प्रितेशने तिच्या फोनात घालून दिलंय ते. अक्षर नको, आवाज नको, नुसती चित्रं... आग, चोर, ॲम्ब्युलन्स. बोट ठेवलं की तिकडे गाडीला निरोप आणि इकडे माझ्या डबड्याची रिंग. नाहीतर सगळ्यांच्या बहिणी सासरहून फोन करतात, काय गं जेवलीस का... माझी? मुकीचा फोन येतो का कुठं!

पाटी बायजीच्या गळ्यात मारली, मिळेल त्या गाडीत कोंबून घेतलं, गंगीच्या सासरी झाईला पोचते तर घराला कडी! शेजारीण म्हणते, "गंगीचा नवरा, लाहू, चिकूवरून पडला, ॲम्ब्युलन्स कधीच घेऊन गेली." म्हणजे माझ्याआधी! दवाखान्यात गेले, तर लाहू पायाला प्लास्टर लावून बिस्किट खातोय.

पण गंगी! मला बघितलं आणि हाताने माझं नाव घेतलं... बदकाच्या चोचीसारखी बोटांची उघडझाप, म्हणजे बडबडी. लहानपणी तिनेच ठेवलंय, आम्हा दोघींखेरीज कोणाला कळत नाही. मग सुटले की आमचे हात! आईच्या भाकऱ्या, तिची सासू, माझा सुदाम... तिच्यापुढे मी तोंड उघडत नाही आणि तिच्याइतकं माझं कोणी ऐकत नाही, काय म्हणायचं याला? नर्सबाई अख्ख्या वॉर्डावर खेकसली, "गप्प बसा! ह्या दोघी बघा, किती शांत!" शांत? सासूची लक्तरं काढत होतो आम्ही!

आता लाहू बरा झाला, चिकूवर चढतो. चांगलंच झालं, नाही कोण म्हणतं? पण रिंग नाही हो. फोन पदरात बांधून माळावर रेंजमध्ये जाऊन बसते, हात नुसते मांडीवर पडलेले... आणि लाज वाटते. रिंग यावी म्हणजे काय, बहिणीच्या घराला आग लागावी? छे! पण मग यायची कशी? मुकीचा फोन येतो का कुठं!

शेवटी प्रितेशला दुकानात जाऊन धरलं. "आगीचं चित्र घातलंस, चोराचं घातलंस, बहिणीची आठवण आली त्याचं कोण घालणार, तुझा बाप?" तो म्हणतो, "मासी, शप्पथ, मीच तिला म्हटलं होतं, आणखी एक टाकून देतो, नुसती तुम्हालाच रिंग. नको म्हणाली. हे असं केलं..." आणि त्याने छातीवर मूठ आपटली, धडधड धडधड, मग हात आडवा. त्याला काय कळणार? मला कळलं. गंगी म्हणत होती, रिंग वाजली की माझ्या बहिणीचं काळीज फाटतं, उगाच नको.

आता बोला! बायजीला शिव्या दिल्या, सुदामला दिल्या, प्रितेशच्या दुकानात तमाशा केला... आणि गुन्हेगार निघाली कोण? माझीच सख्खी, अतिशहाणी, गंगी!