'फक्त मधूसाठी'

...आणि झोप कशापायी उडाली, तर डिंकाच्या लाडवांपायी! हसू नका हो. एमएस्सी झालेली बाई मी, आणि रात्रभर घोर कसला, तर माझी आठ वर्षांची नुपूर आजीला सांगेल का!

त्याचं असं झालं, सासूबाईंनी नाशिकहून डबा पाठवला. इथे दोहात आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या बिल्डिंगमधली संजीवनी सुट्टीवरून परतत होती, तिच्या बॅगेतून. दोहाला येणाऱ्याच्या बॅगेत दोन किलो दुसऱ्याचं असतंच! डबा कापडात शिवलेला, वर मार्करने ठसठशीत, 'फक्त मधूसाठी'. फक्त! वर फोन, "सूनबाई, माझ्या मध्याला तिकडे पाण्यावर काय मिळत असेल गं खायला?" मधू म्हणजे आमचे हे, समुद्रात तेलाच्या रिगवर, चार-चार आठवडे. तोवर लाडवांनी माझ्याकडे नुसतं बघत बसायचं? एक चाखला, खवट झालेत का बघायला. दुसरा, पहिल्याची खात्री करायला... आठवड्याभरात डबा खलास!

वळून बघते तर दारात नुपूर. तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, आणि नेमका त्याच आठवड्यात धडा कुठला? "आई, इज धिस स्टेट ऑर फेडरल?"

तिकडे म्हणे गुन्ह्यांच्याही दोन चुली! शेजाऱ्याकडे चोरी केलीत, तर राज्याचा गुन्हा, राज्याचं कोर्ट. पण दुसऱ्याचं टपाल फोडलंत, नाहीतर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चाललेला माल मधेच पळवलात, की थेट देशाचं सरकार दारात. ते फेडरल. आता आमच्याकडे स्टेट म्हणजे मी नि मधू, आणि फेडरल म्हणजे... नाशिक!

मी म्हटलं, "अगं, टपाल कुठलं? संजीवनीमावशीची बॅग ती!"

"बट इट क्रॉस्ड द बॉर्डर. अँड इट हॅज बाबाज नेम."

"बरं, मी मलाच माफ केलं तर?"

"स्टेट कान्ट पार्डन फेडरल, आई."

शिवाय दोघांनी वेगवेगळी शिक्षा दिली तरी चालते म्हणे! म्हणजे आधी मधू, मग सासूबाई... आणि पोरीला "गप्प बस" म्हणू, तर खोटं बोललीस तर टॅब बंद, असं परवाच बजावलंय मीच! आईनेच पोरीला लपवाछपवी शिकवायची, हे सांगा बरं, स्टेट की फेडरल?

आज मधू यायचा. सकाळी धीर केला. म्हटलं, "नुपूर, आजीला मीच सांगते. सगळं."

दुधाचा कप खाली ठेवत म्हणते, "आय टोल्ड हर यस्टरडे."

"मग? काय म्हणाली?"

"शी लाफ्ड सो मच! शी इज सेंडिंग अनदर डबा."

काय सांगू, डोळेच भरून आले हो माझे! इतकी वर्षं ज्या बाईला मी उगाच...

"इन माय नेम, आई. सो डोन्ट टच."