स्पॅगेटीवाल्या पोरीची दृष्ट

हसणार नसाल तर सांगते. वाशिमला जपानी पद्धतीची स्पॅगेटी मिळायला लागली, म्हणून आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. माझा तीन वर्षांचा ओम कशालाच तोंड लावत नाही, त्या धास्तीनं मी डब्यात वरणभात नेलाच होता. तर पठ्ठ्यानं सोया सॉसमधली अख्खी प्लेट संपवली, वर हिरव्या चहाचं पुडिंगही! रांधणारी मुलगी कौतुकानं बघायला आली. तेवढ्यात सासूबाईंनी टेबलावरचं मीठ मुठीत घेतलं.

"आई, इथं नका ना ओमची दृष्ट काढू!"

"त्याची कायले? या पोरीची काढून राह्यली. हिचा हात बिघडला तं तुह्या पोराले खाऊ कोण घालन?"

एवढी शिकलेली मी, म्हटलं, "आई, मीठ जरा जास्त घ्या."