माळ्यावरचं प्रस्थान

नाही, वैजयंतीबाई, तुमी संध्याकाळपर्यंत उभ्या राहिलात तरी ते गाठोडं मी माळ्यावरून काढणार नाही — आधी बसा, चटई आहे ती, बसा म्हणते ना — नाक्यावरून एवढ्या उन्हात चालत आलात, पाणी तरी प्या. नको? बरं, नका पिऊ. तुमच्या पोराचं तेरावं परवा झालं, मला बोलावणं नव्हतं, तरी कळलं. राग नाही हो, वाशीच्या फ्लॅटात घणसोलीच्या म्हातारीला कोण बोलावतंय — नंदू बोलवायचा, पुतळाआजी, पुतळाआजी करत, तोच गेला. पण गाठोडं मागू नका. ते पाठवलं कुणी? तुमीच ना? तुमीच पंचांग उघडलंत, तुमीच म्हणालात, दशमी हुकली तर पुढं महिनाभर प्रयाणाला दिवस नाही — आणि तो इराणचा व्हिसा तर येता येईना. मग काय केलंत? प्रस्थान ठेवलंत. पंच्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, वर त्याचा अंगातला सदरा, आणि जायच्या दिशेला परक्या घरात नेऊन ठेवलं — की पोरगं घरात जेवत असलं तरी मुहूर्तावर निघालं, असंच ना? वाशीच्या उत्तरेला तुमची दुसरी ओळख नव्हती, म्हणून माझं घर. मग आता ऐका. निघालेलं प्रस्थान माघारी त्याच घरात नेत नसतात. आता कसला प्रवास, म्हणताय — तोंडानं नाही, पण बघताय तशाच.

तुमाला काय ठाऊक त्या प्रवासाचं? तुमी त्याला डबा दिलात, स्वेटर विणलात, रात्री रडलात — पण अडवलं नाहीत, हे मी मानते. पण सहा महिने तो होता माझ्या खळ्यात. शेत सरकारनं घेतल्यावर खळं ओसच पडलं होतं, झोडायला भात कुठंय? म्हटलं, आण तुझी जीप. लष्कराच्या लिलावातली, नुसता सांगाडा — तो आणि त्याचा दोस्त विलास दिवसभर तिच्या खाली, वर येत ते काळेठिक्कर होऊन, माझ्याच हातची भाकरी खात. आणि जेवल्यावर नकाशा. मी काही शाळेत गेलेली नाही, बाई, किराण्याच्या पुड्या सोडवून सोडवून अक्षर शिकले, नवरा हसायचा, हसला तर हसला — पण नकाशा मला वाचता यायचा, विलासच्या आधी. ठाणं, नाशिक, इंदूर, आग्रा, दिल्ली, अमृतसर, लाहोर, काबूल, हेरात, तेहरान — विचारा पुढचं! नंदू म्हणायचा, आजी, तिकडं बर्फ असतं हां, गोठून जाशील. म्हटलं, बर्फ मला नको सांगू, मोऱ्याच्या बंदरात मासळीवर फावड्यानं ओढलाय मी. हसला असा की — जाऊ दे.

जाशील म्हणाला? मी गोठून जाशील म्हणाले? छे, गोठून जाऊ म्हणाला असेल, त्या दोघांचं बोलणं. तुमी आपलं शब्दाला अडकता.

विलास? विलास काल आला होता. जीपकडं पाठ करून उभा राहिला, म्हणाला, आजी, माझ्याच्यानं आता नाही होणार. भित्रा नका म्हणू त्याला — रबाळ्याच्या वळणावर त्या टँकरखालून नंदूला काढलं कुणी? त्यानंच. जीपच्या ब्रेकचा एक पत्रा आणायला सायकलवर गेलं पोर. एवढं जग हिंडायचं होतं, आणि इथून रबाळं. मी रडले नाही. या घरातून इतकी माणसं उचलली, रडायचं कुणा-कुणाला? मिठागर गेलं तेव्हाही नाही रडले, मसणवटीवरनं रस्ता नेला तेव्हाही नाही — माझ्या माणसाला जाळलं तिथून आता ट्रक जातात. सगळं उठून गेलं, बाई, मी तेवढी बसलेय.

अशा तोंड दाबून नका रडू. मोठ्यानं रडा, इथं तुमची सोसायटी नाही ऐकायला. सदरा हवाय होय तुला? धुवायचा राहिला होता तो — ठाऊक आहे मला, एकदा सोडलं होतं मी, मुंग्या लागल्यात का बघायला. कॉलरला अजून त्याचा घाम आहे. थांब. काढते, पण इथंच बसून जवळ घ्यायचा, उंबऱ्याबाहेर नाही, कबूल? ती आकडीची काठी दे इकडं — सरक, डोक्यात पडेल — हां — अगं — अगं, ते नको! ते दुसरं, ते ठेव खाली! काही नाही त्यात. जुनं लुगडं आहे माझं. तांदूळ? तांदूळ असतात, कपड्याला कसर लागत नाही तांदळानं. सुपारी... सुपारीही असते.

बघू नको माझ्याकडं अशी. त्या जीपला मागच्या अंगाला खाली लोखंडाची पायरी बघितलीस येताना? कुणासाठी जोडली असेल, विलाससाठी? त्याच्या टांगा बघितल्यास का? माझा गुडघा वर उचलत नाही, म्हणून नंदूनं वीतभर खाली आणली. थट्टेत सुरू झालं — आजी, वाटेत चूल सांभाळशील? म्हटलं, सांभाळीन. तो हसला, मी नाही हसले. मग त्यानंही हसायचं सोडलं. पासपोर्टला फोटो काढायला ठाण्याला गेले, तर नातसून शेजारी सांगत सुटली, डोकरीला याड लागलंय, मेल्यावर भिंतीला लावायला फटू काढते. म्हटलं, लावा. तुझं गाठोडं आलं त्याच दशमीला मी माझं बांधलं, त्याच्या बाजूला ठेवलं. जन्मात सगळे मला सोडून गेले — एकदा मी जाणार होते, कळलं? तू ते उचलून घरी नेलंस की माझंही मोडलं. म्हणून देत नव्हते. शास्त्रबिस्त्र तोंडाला आलं, आपलं.

वेडी म्हण, म्हातारी चळली म्हण. तुझं पोर गेलं आणि ही इथं पायरीचं सांगतेय.

घे. सदरा घे, जा घेऊन घरी. सदऱ्याचं काय, अंगाचं आहे, आईकडं जाईल. पण ते तांदूळ — तांदूळ तेवढे... काय करतेस? वैजयंती, ते माझं गाठोडं आहे. त्याची सुपारी त्यात कशाला घालतेस? अगं, विलास नाही म्हणालाय, मला गाडी येत नाही, मी अशी अडुसष्ट वर्षांची — ऐकतेस का पोरी?

...

नीट आवळ. दुहेरी मार गाठ, वाटेत सुटेल नाहीतर.

आता ऊठ. एस. टी. निघून जाईल तुझी. जा — आणि दारातून वळून मला कुठं म्हणून विचारू नकोस, निघालेल्याला तसं विचारत नसतात.