सँडल बघायची ती पायडलवर

...आणि वर तो सेल्समन मलाच म्हणतो, "मॅडम, जरा चालून बघा." अहो, पण मला चालायचंच नाहीये तर चालून काय बघू? तुम्हाला सांगते, चपलांच्या दुकानात शिरलं की जो तो हेच म्हणतो, चालून बघा, चालून बघा, तो लाल गालिच्याचा पट्टा अंथरलेला असतो ना, त्यावरून जा, आरशापर्यंत पोचा, मान वाकडी करून स्वतःच्या घोट्याकडे बघा आणि परत या. मी म्हटलं, बाबा रे, मला सायकलसाठी सँडल हवीय, सायकलवर पाय चालत नाहीत, गोल फिरतात. तर गृहस्थ हसला. हसायला काय झालं? पाय कोणाचे? माझे ना?

थांबा, मुळापासून सांगते. मी सायकल शिकले पन्नाशीनंतर. नवऱ्याने शिकवली. आमचे हे शाळेत खेळाचे शिक्षक, त्यामुळे घरातही शिट्टी तोंडातच असल्यासारखे बोलतात. शिकवली हौसेने आणि मग बसले काळजी करत. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, सकाळी सायकलने जाते, संध्याकाळी सायकलने येते. आणि खरं सांगू? दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो हो. सायकलवर असताना कोणी विचारत नाही की चार्जर कुठंय, टॉवेल कुठंय, भाजीत मीठ का नाही. वारा लागतो तोंडाला, घंटी वाजवली की लोक बाजूला होतात... घरात मी काही बोलले तर कोणी एवढं बाजूला होत नाही. म्हणून सायकल मला हवी. बस्स.

तर झालं काय, की बँकेच्या वळणावर माझी जुनी चप्पल पायडलवरून सटकली. पाय गेला खाली, मी गेले आडवी आणि चप्पल गेली गटाराकडे. कोपर सोललं, बाकी काही नाही. पण गर्दी जमली ना, आणि त्या गर्दीत निघाली ह्यांच्या शाळेतली शिपाईणबाई. मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली! आता ह्यांनी ओरडायचं ना, तर नाही. शांतपणे चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा सायकलवरून पडलीस, तर सायकल भाचीला देऊन टाकायची. नियम म्हणजे नियम." आणि मी रागाच्या भरात म्हणाले, बरं, ठरलं!

जीभ झडली का नाही माझी तेव्हा?

मग सल्ले सुरू. चिरंजीव म्हणाले, "आई, ते सायकलचे खास बूट घे, पायडलमध्ये खट्कन अडकतात." मी विचारलं, अडकतात म्हणजे, मग सिग्नलला काय करायचं? तर म्हणे टाच फिरवायची की सुटतात. आणि नाही सुटले तर? तर म्हणे, "सुरुवातीला सगळेच पडतात." घ्या! पोटचा पोरगा हो माझा, आणि भाचीच्या बाजूने खेळतोय! शिवाय माझ्या अंगठ्याशेजारचं हाड बाहेर आलेलं, बुटात पाय घातला की ते हाड दिवसभर बोंबलतं. मला सँडलच हवी. पुढून बोटं झाकलेली, मागून पट्टा, तळ कडक, लोंबतं काही नाही. पाय कोणाचे? माझे. मग ठरवणार कोण?

म्हणून गेले त्या दुकानात. आता चष्म्याच्या दुकानात उभं राहून राहून मला एक गोष्ट कळलीय. माणसं वाचायचा चष्मा घ्यायला येतात आणि आरशात बघतात. "कसा दिसतोय?" अहो, तुम्ही कसे दिसताय ते लोक बघतील, तुम्हाला अक्षर दिसतंय का ते बघा! आणि मग आठवड्याने तणतणत येतात, वाचता येत नाही म्हणून. ज्या कामाला वस्तू घ्यायची ती त्या कामाला लावून बघावी, हे माझं ठाम मत. तेव्हा सँडल बघायची ती पायडलवर.

आधी मी स्टुलावर बसून हवेत पाय फिरवून बघितले. तो सेल्समन, चांगला मध्यमवयीन, टक्कल पडलेला माणूस, माझ्या पायांपुढे खाली बसलेला, त्याच्या नाकाशी एक टाच गेली थोडी... नुसती चाटून गेली हो. मग मीच म्हटलं, हे काही खरं नाही, आणि बाहेर गेले, सायकल उचलली, दोन पायऱ्या चढवून आत आणली आणि लेडीज विभागाच्या मध्यभागी दुहेरी स्टँडवर लावली. गल्ल्यावरून मालक म्हणाले, "ताई, हे दुकान आहे." म्हटलं, म्हणूनच तर आलेय, सँडल काय देवळात घेऊ?

बसले की मग. मागचं चाक हवेत, मी वर, आणि तो बिचारा खाली बसून एकेक जोड चढवतोय. पहिली इतकी मऊ की पायडलचे दाते थेट तळव्याला. दुसरीचं बकल दर फेरीला टक् टक्, टक् टक्, घरी पोचेपर्यंत वेड लागलं असतं. तिसरीचा पट्टा साखळीकडे असा ओढ घेत होता, जणू मागच्या जन्मीचं नातं. आणि मी पायडल मारतेय म्हटल्यावर चाकाचा वारा सुटलेला, खोक्यांमधले पातळ कागद उडतायत, गिऱ्हाईकं गोळा झालेली, एक आजोबा तर विचारायला लागले, यानंतर माझा नंबर का?

आणि मग आली ती! तळ फळीसारखा कडक, पुढून होडीसारखा वर वळलेला, माझ्या त्या हाडाला मोकळी जागा, पायडलला अशी बसली की जणू तिथेच उगवलीय. मी म्हटलं, हीच. तर सेल्समन पुन्हा हळूच, "मॅडम, एकदा चालूनही..." नाही म्हटलं ना! पाय कोणाचे? बिलही मी सीटवर बसूनच घेतलं. दोघांनी धरून सायकल माझ्यासकट पायऱ्यांवरून खाली उतरवली. मी खाली पाऊलच टेकवलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

घरापर्यंत काय आले म्हणून सांगू! बँकेचं वळण आलं, मी वेगही कमी केला नाही. घंटी वाजवली, उगीचच. दारात हे उभे, शेजारी चिरंजीव. मी झोकात ब्रेक लावला, उतरले, सायकल स्टँडला लावली, ह्यांच्याकडे एक नजर टाकली आणि ऐटीत निघाले. पहिलं पाऊल टाकलं... सँडल वाकेना. दुसरं टाकलं, खाली गुळगुळीत फरशी, वर तो फळीसारखा तळ... आणि मी ह्यांच्या पायाशी. साष्टांग. लग्नातसुद्धा इतकी वाकले नव्हते.

मग हे म्हणाले, "पडलीस." मी पडल्यापडल्याच म्हणाले, "पडले. पण सायकलवरून पडले का?" खोटं कशाला बोलू, डोळ्यांपुढून भाची घंटी वाजवत निघाली होती. ह्यांनी सायकलकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. दोन्हींमधलं अंतर बघितलं. शेवटी म्हणाले, "नाही. सायकल राहू दे." आणि मला हात दिला. माणूस वाईट नाही आमचा, नुसती शिट्टी काढून ठेवायला हवी.

तर सायकल राहिली माझी. रोज जाते, वाऱ्यासारखी जाते, पाय अजून एकदासुद्धा सटकला नाही. उतरले की मात्र सँडल हातात आणि मी अनवाणी. गिऱ्हाईकं बघतात. बघू देत. पण आता चालायची म्हणून एक चप्पल घ्यावी लागणार, आणि त्या दुकानाने दाराला पाटीच लावलीय, वाहन बाहेर ठेवा. आता सायकलपासून स्टुलापर्यंत मी काय चपलांच्याच दुकानात अनवाणी जाऊ? तेव्हा तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असलं तर माझ्यासाठी एक जोड घेऊन याल का? साधीच आणा. फक्त घ्यायच्या आधी एकदा... चालून बघा. पाय तुमचे असले तरी चालेल.