रिम तीच, टायर फक्त मोठा

...आणि वर तो मेकॅनिक मलाच म्हणतो, "साहेब, गाडी जरा कमी वळवा!" अहो, कमी वळवा म्हणजे काय? वळण असेल तेवढं वळवावंच लागणार ना? की मी वळणाला सांगू, बाबा रे, जरा सरळ हो, माझे टायर नवीन आहेत?

तुम्हाला सांगतो, मी सुतार. कपाटं, पलंग करायचे, पिकअपच्या हौद्यात घालायचे आणि गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उतरवायचे. गाडी गुणी हो! तिचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं माझ्या मेहुण्याचं. स्वतःकडे साधी सायकल नाही, पण गाड्यांवर बोलायला लागला की... "भावजी, ही गाडी म्हणजे थोराड माणसाने पोराच्या चपला घातल्यासारखी दिसते. मोठे टायर टाका, मग बघा रुबाब!" आता माझ्या कारखान्याच्या रस्त्याला खड्डे आहेत, गाडीचं पोट घासायचं, हे खरं. म्हटलं, विचारायला काय जातंय? विचारायलाच तर सगळं जातं!

टायरवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घातली... हे लाथ घालून यांना काय कळतं देव जाणे... आणि म्हणाला, "रिम बदलायची गरजच नाही साहेब. रिम तीच, टायर फक्त मोठा!" अशा थाटात म्हणाला, की पलंग तोच, गादी फक्त जाड. मला पटलं ना! तरी मी आंधळेपणाने नाही हं केलं. टेप खिशात असतेच. मडगार्डमधली जागा मोजली, शेडचं दार मोजलं, दाराची उंची मोजली. सगळं बसत होतं. बसवून टाकले!

दोन दिवस काय ऐट! मी शेजाऱ्यांच्या कुंपणावरून आत बघू शकत होतो. मग एका वळणावर पूर्ण स्टेअरिंग फिरवलं आणि... खर्रर्र! मला वाटलं, मागे कपाट पडलं. उतरून बघतो तर टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला खातोय. मी मोजलं होतं, पण चाक सरळ असताना! मेकॅनिकने प्लॅस्टिक कापलं. पुढचं थांबलं, तर रिव्हर्सला खर्रर्र! त्यावर तो म्हणतो, कमी वळवा! स्टेपनी तिच्या जागेत मावेना, म्हणून ती हौद्यात, गिऱ्हाइकाच्या पलंगाशेजारी आडवी. वेगाचा काटा दाखवतो एक, गाडी पळते भलतीच. हौदा इतका वर गेला, की कपाट चढवताना कपाट करकरतंय की माझी कंबर तेच कळेना. आणि हे सगळं कशामुळे? रिम तीच, टायर फक्त मोठा!

पण हे सोडा हो. हे सगळं मी सोसलं असतं. मला मारलं ते बाबांनी.

आमचे बाबाही सुतार. आता हात कापतात, गुडघे गेलेत, रंधा धरवत नाही. पण रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे, कारखान्यात यायचे, खुर्ची टाकून दिवसभर माझ्या चुका काढायचे. "सांधा सैल आहे." "पॉलिश घाईत केलंस." माझं डोकं उठायचं! आणि टायर बदलले तसं एक दिवस म्हणाले, "आज पोट जड आहे, तू जा." दुसऱ्या दिवशी, "आज कुणीतरी यायचंय." कोण यायचंय? कुणी नाही! मग रोजचंच काहीतरी. मी आपला कारखान्यात खुश, वा, कटकट नाही! आणि दुपारी बघतो तर हातातलं काम धरून मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतोय. सांधा सैल आहे की नाही, सांगेल कोण?

शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला डोळे आहेत की नुसती टेप? परवा तुम्ही आत चावी शोधत होतात ना, तेव्हा बाबा गाडीपाशी गेले. पाय उचलला, तो अर्ध्यातच राहिला. कुणी बघत नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि आत येऊन पेपर उघडून बसले. कालचा."

तुम्हाला सांगतो, मडगार्ड मोजलं, शेड मोजली, आणि बापाचा पाय किती उचलतो ते नाही मोजलं!

लगेच गाडीत चढायला सागवानी पायरी केली. मजबूत, वर रबर. बाबांनी उलटी करून बघितली, सांध्यावरून बोट फिरवलं. "काम चांगलं झालंय," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हं! मी हवेत. म्हणाले, "बसून अंघोळ करायला बरी आहे," आणि घेऊन गेले बाथरूममध्ये! हात धरतो म्हटलं, तर, "मी काय पाहुणी आलेली आत्या आहे?"

संपलं. गेलो टायरवाल्याकडे. जुने टायर होतेच, फळ्यांच्या मागे. सुतार लाकडाचा तुकडा टाकत नाही, टायर कुठला टाकायला? म्हटलं, पुन्हा हेच चढव. तो बेटा हसतोय! "काही काळजी नाही साहेब. रिम तीच, टायर फक्त लहान!"

दुसऱ्या दिवशी गाडी मुद्दाम दारासमोर लावली आणि मी उगाच बॉनेट पुसत बसलो. बाबा आले. गाडीकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, आत गेले... आणि शर्ट बदलून बाहेर! दाराला धरलं, पाय उचलला, बसले. एकटे. दार असं आपटलं की काच हादरली. काय सांगू, इतका बरा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. डोळे भरले, पण गाडी चालवायची होती.

कोपऱ्यावर वळलो. पूर्ण स्टेअरिंग, आवाज नाही! बाबा बाहेर बघत म्हणाले, "टायर बदललेस?"

"हो बाबा. घासत होते."

"हं." मग म्हणाले, "ते मोठे शोभत होते गाडीला. उगाच काढलेस. काढायच्या आधी मला विचारायचंस तरी!"

म्हटलं, "चुकलं बाबा."